फुप्फुस पुन्हा फुललं

"काका, ही काळी जागा दिसते ना, ती हवा आहे." डॉक्टर मॅडमनी एक्स-रेवर बोट ठेवलं. "फुप्फुसाच्या बाहेर साठलीय. ह्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात."

बायपास होऊन चौथा दिवस होता. सकाळीच छातीतल्या नळ्या, म्हणजे ड्रेन, काढल्या होत्या. मी खुशीत होतो. दुपारी भाताचे दोन घास घेतले अन् धाप लागली, डाव्या कुशीत कळ आली. ऑपरेशननंतर एवढं व्हायचंच, म्हणून मी गप्प बसणार होतो. माझी बायको शोभा, तिनं माझ्या निळसर पडलेल्या ओठांकडं बघितलं अन् सिस्टरला हाताला धरूनच आणलं.

फुप्फुस अन् बरगड्यांच्या मधे हवा शिरली की फुप्फुसाला फुलायला जागाच राहत नाही, असं मॅडमनी समजावलं. "परत एक नळी घालावी लागेल."

"पण हार्ट नीट हाय ना?" शोभानं मधेच विचारलं.

"हार्ट एकदम छान."

जागा बधिर करून कुशीतून नळी घातली. तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. मी खोकलो की पाण्यात बुडबुडे. उस्मानपुऱ्यात तीस वर्षं माझं पंक्चरचं दुकान. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे दिसले की भोक सापडलं. आता ते बुडबुडे माझ्याच आतून येत होते.

"मॅडम, ह्याला पॅच कोण लावणार?"

त्या हसल्या. "कोणी नाही. ते आपलं आपण बुजतं."

मला खरं वाटंना. दिवसभर बाटलीकडंच बघत पडायचो. बुडबुडे कमी झाले. मग खोकल्यावर एखादाच. तिसऱ्या दिवशी एकही नाय. पाणी नुसतं श्वासाबरोबर नळीत वरखाली होत होतं.

नळी काढायच्या वेळी मात्र लई भ्यालो. परत तसंच झालं तर? "श्वास रोखून धरा," मॅडम म्हणाल्या. नळी निघाली. मग एक्स-रे, अन् तासभर वाट बघणं.

काळी जागा गेली होती. फुप्फुसाच्या बारीक रेषा पार बरगड्यांपर्यंत पोचल्या होत्या. मी हात जोडले.

"आम्ही फक्त हवेला वाट करून दिली, काका," मॅडम म्हणाल्या. "फुललं ते स्वतःच."

ड्रेन काढल्यावर तुम्हाला धाप लागली तर अंगावर काढू नका, लगेच सांगा. माझ्या वतीनं शोभानं सिस्टरला सांगितलं, म्हणून आज मी हे लिहू शकतोय.

छप्पन वर्षं मी श्वासाकडं कधी लक्षच दिलं नव्हतं. आता सकाळी गच्चीवर बसून एक श्वास पुरता आत घेतो. शोभा चहा घेऊन येते, अन् तो श्वास सुटेपर्यंत कप हातात धरून उभी राहते.