कंपनीच्या झाडांना मेंढरांचं खत

चहा येईपर्यंत माझ्या शहाणपणाची एक गोष्ट ऐका. शहाणपणच म्हणतो, कारण मूर्खपणा माणसाच्या हातून चुकून होतो. मी जे केलं ते विचार करून केलं, आजोबांचं नाव घेऊन केलं, आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

तुम्हाला माहीतच आहे, मी गाड्यांच्या कंपनीत, सोलापूरच्या शोरूमला. गाड्या विकायच्या आणि उरलेल्या वेळात पर्यावरण वाचवायचं, अशी माझी दुहेरी नोकरी. कंपनीनं योजनाच तशी काढली होती. प्रत्येक गाडीमागं एक झाड. गाडी जन्मभर धूर सोडणार आणि झाड तो मुकाट्यानं गिळणार. वळसंगच्या बाजूला माळाचा एक तुकडा घेतला, कुंपण घातलं, पावसाळ्यात रोपं लावली आणि प्रत्येक रोपाशेजारी गाडी घेणाऱ्याच्या नावाची पत्र्याची पाटी ठोकली. पाट्या रोपांपेक्षा उंच होत्या. रोपांपेक्षा गवतसुद्धा उंच होतं.

हे काम माझ्याकडं का आलं? मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "शेतीतलं कुणाला कळतं?" आणि मी हात वर केला. माझे आजोबा शेतकरी होते हो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या बांधावर बसून आंबे खायचो. एवढा अनुभव भरपूर झाला असं माझं मत होतं.

खरं कारण वेगळंच. माझी बायको अंबिका पुण्याला एका दवाखान्यात नर्स आहे आणि मी इथं. लग्न झाल्यापासून आमचा संसार रविवारच्या रविवार, तोही तिला सुट्टी मिळाली तर. माझी पुण्याला बदली करणं एकाच माणसाच्या हातात होतं. पुण्याच्या हेड ऑफिसातले पर्यावरणाचे साहेब. ते झाडं बघायला पुढच्या आठवड्यात येणार होते. झाडं बघून खूश झाले की तिथंच बदलीचा विषय काढायचा, असं मी ठरवलं होतं. अंबिकानं तर दोन खोल्यांची जागा बघून ठेवली होती. पडद्यांचा रंग कोणता घ्यायचा यावर आमचं भांडणही होऊन गेलं होतं.

अडचण एकच. रोपं पिवळी पडली होती. युरिया टाकावा तर हेड ऑफिसचा नियम, रासायनिक खत चालणार नाही. शेणखत शोधलं, मिळेना. तेव्हा मला आजोबा आठवले. ते म्हणायचे, "ज्या रानात मेंढरं बसली, त्या रानाची काळजी मिटली."

आपल्याकडची जुनी रीत आहे ही. पीक निघालं की धनगराला बोलवायचं आणि त्याचा कळप रात्रभर आपल्या रानात बसवायचा. लेंड्या, मूत, सगळं जागेवर. वाहतूक नाही, यंत्र नाही, धूर नाही. बदल्यात धनगराला ज्वारी घालायची. हेड ऑफिसला जे जमलं नाही ते आपल्याला सुचलं, म्हणून मी त्या दिवशी आरशात बघून दोनदा केस विंचरले.

त्या भागात बिरुआप्पा म्हणून एक म्हातारा धनगर कळप घेऊन फिरत होता. त्याला रस्त्यातच गाठलं.

"आप्पा, माझ्या रानात मेंढरं बसवता का?"

"बसवतो की. रान मोकळं हाय न्हवं?"

"एकदम मोकळं. पीकबीक काही नाही."

"न्हाय, उभं काय असंल तर आदीच सांगा. मागनं कटकट नको."

"आप्पा," मी म्हणालो, "मी शेतकऱ्याचा नातू आहे."

त्यानं माझ्या पॉलिश केलेल्या बुटांकडं बघितलं आणि मान हलवली.

आता तुम्ही हसताय, पण माझा हिशेब समजून घ्या. मेंढरं दिवसभर चरून येणार. पोटं भरलेली असणार. रात्री झोपणार. आपण जेवून झोपल्यावर मध्येच उठून खिडकीतली तुळस खातो का? नाही ना? मग ती कशाला खातील?

दिवे लागायच्या वेळेला कळप आला. कुंपणाचं दार मी स्वतःच्या हातानं उघडून दिलं, हे विसरू नका. अंधारात पाट्याही धड दिसत नव्हत्या. घरी जाऊन अंबिकाला फोन केला आणि सांगितलं, पडदे तुझ्या रंगाचे घे, बदली झालीच म्हणून समज.

सकाळी स्कूटरवर ज्वारीचं पोतं टाकून गेलो. पाट्या होत्या. झाडं नव्हती. गवतही नव्हतं. साफ माळावर ओळीनं नुसती नावं उभी. आमच्याकडून गाडी घेतलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिथं पुरलंय की काय असं वाटत होतं. सगळ्यात महागडी गाडी घेतलेल्या डॉक्टरांच्या पाटीला कळपातली एक शेळी निवांत अंग घाशीत होती.

"आप्पा, झाडं कुठं गेली?"

"कुटली झाडं?"

"इथं होती की. प्रत्येक पाटीजवळ एक."

"ती झाडं व्हती व्हय?" बिरुआप्पाला खरंच वाईट वाटलं. "मला वाटलं, रान मोडलंय, तण माजलंय. तुमीच म्हणलासा की, मोकळं हाय म्हणून. लई कवळं व्हतं बगा. मेंढरं रातभर बसलीच न्हाईत."

मी पोत्यावरच बसलो. आठवडा आहे, नवी रोपं आणू, रातोरात लावू, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे साहेब.

"सिद्धाराम, अक्कलकोटला दर्शनाला आलो होतो. तुमचं वळसंग वाटेवरच आहे म्हणे. म्हटलं, आजच झाडं बघून जाऊ. दहा मिनिटांत पोचतोय."

खरोखर दहा मिनिटांत आले. चार गाड्या भरून. उन्हाचं आत गार राहावं म्हणून ड्रायव्हर लोकांनी चारही इंजिनं चालूच ठेवली. साहेब उतरले, माळाकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"झाडं कुठायत?"

शपथेवर सांगतो, खरं बोलायलाच तोंड उघडलं होतं. पण डोळ्यांपुढं त्या दोन खोल्या आल्या, पडद्यांसकट. आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"सर, झाडं हा पहिला टप्पा होता. हा दुसरा." मी मेंढरांकडं हात केला. "झाडाचा पाला मेंढराला, मेंढराचं खत मातीला, आणि धनगराच्या संसाराला आधार. म्हटलं, पर्यावरण आणि समाज वेगवेगळं कशाला सांभाळायचं? एकाच कळपात बसवलं."

साहेबांनी जवळच्या पाटीवरचं नाव वाचलं आणि शेजारच्या मेंढीकडं बघितलं. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे या पाट्या... एकेक ग्राहक एकेका मेंढीचा पालक?"

बघा, हे मी म्हणालो नव्हतो. हे त्यांचं त्यांनाच सुचलं. पण मोठ्या माणसाला सुचलेलं आपण खोडायचं नसतं.

"हो सर."

"आजोबा," साहेब बिरुआप्पाकडं वळले, "कशी वाटली योजना?"

"लई ब्येस," बिरुआप्पा म्हणाला. "रोज असली तर आनिक चांगलं."

त्यावर साहेब जे खुलले ते खुललेच. बिरुआप्पाची घोंगडी खांद्यावर घेतली, कोकरू उचललं, फोटो काढून घेतले. कोकरानं त्यांच्या शर्टावर सेंद्रिय खताचा नमुनाही दिला, त्याचाही फोटो काढला. मग विचारलं, "हा कळप कायम इथंच असतो?"

"न्हाय जी. दिवाळी झाली की जातो की वर. चरत चरत पार पुन्याच्या अंगाला."

पुण्याचं नाव निघालं आणि मी संधी साधली. "सर, मी पुण्याला असतो तर या योजनेकडं अजून नीट लक्ष देता आलं असतं. शिवाय घरचीही अडचण आहे. बायको तिकडं, मी इकडं."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुणं ना? तुमच्यासारख्या माणसाला नाही म्हणेन का?"

मित्रांनो, त्या दिवशी मी स्कूटर हवेत चालवत आलो. अंबिका फोनवर रडली. मीसुद्धा थोडा रडलो. पडदे शिवायला गेले.

दिवाळी झाली आणि परवा साहेबांचा फोन आला.

"सिद्धाराम, तुमचं पुणं पक्कं. वरच्या लोकांना योजना इतकी आवडली, काय सांगू. सोमवारी बिरुआप्पांबरोबर निघा."

"बिरुआप्पांबरोबर? म्हणजे कुठल्या गाडीनं, सर?"

"गाडीनं कशाला? कळपाबरोबर, पायी. रोज एक फोटो पाठवायचा. गाड्यांची कंपनी आणि आपला माणूस चालतोय, धुराचा एक कणसुद्धा नाही. काय संदेश जाईल लोकांत."

"पण सर, माझी बदली..."

"पोचल्यावर बघू."

इतकी वर्षं गाड्या विकल्या. आता पुण्याला चालत जायचं. काल शोरूममधल्या पोरांनी मला निरोपाला काठी भेट दिली, रिबीन बांधून.

अंबिकाला कसं सांगावं कळेना, म्हणून बिरुआप्पाच्या कळपापाशी गेलो आणि तिथूनच फोन लावला. आमच्यात निम्मं बोलणं कानडीत चालतं, आणि ती फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "एन्री, अहो, कधी पोचताय? मी दवाखान्यात सुट्टी मागून ठेवते."

मी फोन छातीशी धरून बिरुआप्पाला विचारलं, "आप्पा, पुण्याला कधी पोचू?"

तो म्हणाला, "वाटंत चारा कसा लागतोय, त्याच्यावर हाय."

तेच तिला सांगितलं. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोनवर कापडाची सळसळ ऐकू आली. पडदे फाडतेय की काय असं मला वाटलं.

"या सावकाश," शेवटी ती म्हणाली. "मी वाट बघते. फक्त वाटेत कुणाला शेतकऱ्याचा नातू आहे म्हणून सांगू नका."