हसताना दिसणारा दात

“दात दिसतो की नाही ते मी कसं सांगणार बाई, मी काय स्वतःला हसताना बघितलंय?” असं मौनीबुवा एकदा दातांच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले होते. एका दमात एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून क्वचितच निघायचं.

जुने सोफे आणि खुर्च्या उसवून नव्याने मढवायचं त्यांचं काम. कापड ताणून धरायला एक हात गुंततो, हातोडीला दुसरा. म्हणून मूठभर बारीक खिळे तोंडात ठेवायचे, जिभेने एकेक ओठांपर्यंत आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकाने तो टिपायचा आणि ठोकायचा. दिवसभर तोंड भरलेलं. गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं ते भुवईने, फार तर मानेने. त्यावरून मौनीबुवा हे नाव पडलं आणि तोंड रिकामं असतानाही चिकटून राहिलं.

खिळ्यांची सगळी गर्दी वरच्या डाव्या सुळ्यामागच्या दातापाशी असायची. तोच किडला. डॉक्टरीणबाई वयाने लहान, हाताने हलक्या आणि जिभेने मोकळ्या. त्यांनी कीड कोरून काढली आणि भरायचं काय ते विचारलं.

“चांदीचं दणकट असतं काका. वर्षानुवर्षं जागचं हलत नाही, पण काळपट दिसतं. पांढरं दाताच्या रंगात मिसळून जातं, मात्र तुम्ही त्यावर खिळे चघळलेत तर टवका उडेल. मागची दाढ असती तर मी विचारत बसले नसते. हा दात मधल्या जागेचा. कुणाचा हसताना दिसतो, कुणाचा नाही. तुमचा दिसतो का?”

तेव्हा बुवा ते वाक्य बोलले.

“मग काकूंना विचारा,” बाई हसून म्हणाल्या. “बायकोला नवऱ्याचे दात पाठ असतात. तोवर तात्पुरतं सिमेंट भरते.” आणि त्यांनी गालात कापूस खोचला.

काकूंना जाऊन दोन हिवाळे झाले होते. पण कापूस तोंडात असताना ते कसं सांगणार? कापूस निघाला तेव्हा पुढचा पेशंट दारात उभा होता, आणि उभ्या उभ्या सांगून टाकावं अशी ती गोष्टही नव्हती.

घरी येऊन बुवा न्हाणीघरातल्या आरशासमोर हसले. आरशातल्या माणसाने दात विचकले. सगळेच दिसले, अगदी दाढेपर्यंत. बाजारात घोड्याचं तोंड उघडून वय बघतात, तसलं काहीतरी झालं. मग त्यांनी जुने फोटो बाहेर काढले. लग्नातला, मुलीच्या बारशाचा, कुणाच्या तरी निवृत्तीच्या समारंभातला. प्रत्येकात त्यांचे ओठ शिवल्यासारखे. शेजारी बायको मात्र कुठेतरी बघून खळखळून हसतेय.

ते हसायचे ते रात्रीच्या जेवणाला. ती समोर बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नकला करायची आणि त्यांचा घास घशात अडकायचा. “आधी गिळा, मग हसा,” म्हणत ती पाण्याचा पेला पुढे सरकवायची. त्या हसण्याचं तोंड कायम तिच्याकडे असायचं. तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

त्यांनी परगावच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

“बाबा, हे काय भलतंच?” ती म्हणाली. “बरं, हसून दाखवा.”

ते हसले.

“असं नाही हो. हे तर कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखं वाटतंय. खरं हसा.”

“मग हसव मला.”

मुलीने जरा विचार केला. “आता ऐनवेळी कुठून आणू? ऑफिसात आहे मी. पांढरंच भरा बाबा, उगाच काटकसर नको.” पडद्यावर तिचा चेहरा गोठला. बराच वेळ तसाच राहिला आणि मग गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला विचारलं. एका खोलीत दोघांची उमर गेली होती. सुताराचं बाक आतल्या बाजूला, बुवांचा ठिय्या खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून.

“दात?” सुतार रंधा थांबवून म्हणाला. “बुवा, मी आयुष्यभर तुमची पाठ बघत आलोय. तुम्ही हसलात की खांदे हलतात, तेवढं कळतं. आणि अलीकडे तेही कुठं हलतात?”

बुवांनी खिळे तोंडात टाकले, या वेळी उजव्या बाजूला. तिथे ते बसेनात. जिभेला जागा नवी होती.

ठरलेल्या दिवशी ते दवाखान्यात गेले. बाईंनी खुर्ची मागे कलवली, दिवा तोंडावर ओढला.

“विचारलंत काकूंना?”

एवढं म्हणायला हवं होतं, की ती आता नाही. तीन शब्द. पण मग बाईंचा हात थांबला असता, चेहरा पडला असता, आणि तो सावरायचं काम पुन्हा बुवांवरच आलं असतं.

“विचारलं,” ते म्हणाले.

“मग?”

“नाही दिसत म्हणाली.”

“झालं तर. चांदीचं भरते. तुमच्या खिळ्यांनाही तेच बरं.”

बाईंनी सिमेंट काढलं, चांदी दाबून भरली, घासून साफ केली. काम चोख झालं. खुर्ची सरळ करत त्या म्हणाल्या, “आजचा दिवस या बाजूने काही चावायचं नाही. खिळे मात्र दुसऱ्या बाजूने, जेवणानंतर, कोमट पाण्याबरोबर घ्या.”

बुवांना हसू फुटलं. किती दिवसांनी कोण जाणे, पण पोटातून आलं. ते आवरेपर्यंत डॉक्टरीणबाई समोरून टक लावून बघत होत्या.

“अहो काका, चांगला दिसतो की दात,” त्या म्हणाल्या. “काळा ठिपका स्पष्ट दिसतोय. काकूंचं लक्ष नसतं वाटतं तुमच्याकडे?”

बुवांनी गळ्यातला कागदी रुमाल सोडला. घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवला. मग दाराशी जाऊन पायांत चपला सरकवल्या आणि ते बाहेर पडले.