शिंपीकाकांची कात्री

बडोद्यात, दांडिया बाजारात, आमच्या घराखाली शिंपीकाकांचं दुकान आहे. त्यांच्या ओठांत सदा टाचण्या असतात, त्यामुळे बोलणं म्हणजे नुसता हुंकार.

दसऱ्याला महाराजांची सवारी निघाली आणि माझा कॅमेरा अजून रिकामाच! माझ्या जर्मन कॅमेऱ्यात फिल्म खालून सरकवावी लागते. तिचं टोक लांब, निमुळतं कापलं नाही तर ती आत अडकते. मी दोनदा कापलं, दोन्ही वेळा ते कडेच्या भोकातून फाटलं.

फिल्म घेऊन मी खाली काकांचं दुकान गाठलं. काकांनी टाचण्या काढल्या. "लावो भाई, इकडे द्या." भोकं नखानं चाचपत, एकालाही धक्का न लावता त्यांनी टोक कातरलं. फिल्म सरसर आत गेली. नगारे कोपऱ्यावर वाजले, हत्ती समोर आला आणि मी कळ दाबली!

तो फोटो आता त्यांच्या मशीनच्या वर भिंतीला टांगलाय. गिऱ्हाइकानं विचारलं की काका टाचण्या काढून ठणकावतात, "हा मी शिवलाय!"