मागचा डावा पाय

घोडीला पाय चार आणि मालकही चार, म्हणून हॉटेलात बसल्या बसल्या कुणीतरी गंमत काढली की एकेकाने एकेक पाय घ्यावा. काड्या ओढल्या. ज्याची काडी लांब त्याने आधी निवडायचं. दातांच्या डॉक्टरने पुढचा उजवा घेतला, हॉटेलवाल्याने पुढचा डावा, मास्तरांच्या मेव्हण्याने मागचा उजवा. मास्तरांना उरला मागचा डावा. उरलेलं घ्यायची त्यांना जन्माची सवय होती, त्यामुळे त्यांनी तोही हसत घेतला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "स्वतःचे दोन धड चालत नाहीत, त्यात हा तिसरा कशाला आणलात?"

मास्तर शिंपी होते, पण विजारी-सदऱ्यांचे नव्हेत. शर्यतीत जॉकी घालतात ते सॅटिनचे शर्ट ते शिवत, घोड्याच्या मालकाने ठरवलेल्या रंगांचे. सॅटिन भलतं नाठाळ कापड. सुईखालून सटकतं, घामाचा हात लागला की डाग धरतं. जॉकी घोड्यावर वाकून बसतो, म्हणून पाठ सैल ठेवावी लागते, पण इतकीही नाही की वाऱ्याने फुगेल. मास्तर शर्यतीला कठड्याशी उभे राहत ते पाठ फुगते का हे बघायला. कोण जिंकलं हे त्यांना बहुतेक वेळा दुसऱ्याला विचारावं लागे. सारा जन्म लोकांच्या घोड्यांचे रंग शिवण्यात गेला होता.

म्हणून तर मेव्हण्याने गळ घातली आणि ते भुलले. चौघांत घोडी घ्यायची, दोन वर्षांची, अजून एकही शर्यत न धावलेली. "आणि भाऊजी, रंग तुम्ही ठरवायचे," मेव्हणा म्हणाला. बाकीच्यांनीही लगेच माना डोलावल्या, कारण शर्ट फुकटात शिवून मिळणार होता. एवढा साधा हिशेब मास्तरांच्या ध्यानात आला नाही. त्यांनी पोपटी रंग निवडला, बाह्यांवर पिवळा पट्टा. घोडीच्या पाठीवर अजून खोगीरही चढलं नव्हतं, तोवर शर्ट शिवून कपाटात तयार. "बाजारात तुरी," बायको एवढंच म्हणाली आणि पुढचं गिळलं. घोडीने जिंकावं असंही मास्तरांचं म्हणणं नव्हतं. चार लोकांसमोर तिने एकदा त्या शर्टाखाली धावावं, बास.

घोडी तांबूस, नाजूक आणि महा नखरेल. बादली जराशी मळकी असली की पाण्याला तोंड लावायची नाही. तिची निगा राखणारा मोतद्दार तिला बाईसाहेब म्हणायचा. मास्तर दर रविवारी तबेल्यात जात, त्याच्या हातून खरारा मागून घेत आणि तिची पाठ घासत बसत. ती त्यांच्या खिशात नाक खुपसायची आणि शिंप्याचा खडू हुंगून शिंकायची. बाकीचे तिघे यायचे ते पाहुणे दाखवायला.

पायांची गंमत मात्र चांगलीच रुजली. ज्याच्या पायाला काही होईल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असा कायदाच झाला. पुढच्या डाव्याचा नाल निघाला तेव्हा हॉटेलवाल्याने पाजला. मागच्या उजव्याला खरचटलं तेव्हा मेव्हण्याने कुरकुरत पाजला. मग एका सकाळी दौडीवरून परतताना घोडी लंगडली. मागच्या डाव्या पायाची शीर सुजली होती. मास्तरांनी चहा पाजला, सगळे हसले.

सूज उतरेना तसं हसू आटलं. घोड्यांचा डॉक्टर म्हणाला, "पाय बरा होईल. पण हा हंगाम विसरा. विश्रांती द्या, पुढच्या हंगामात धावेल." त्याने एवढं स्वच्छ सांगितलं होतं. पण आता भेटेल तो मास्तरांनाच विचारू लागला, "काय मास्तर, तुमचा पाय काय म्हणतो?" एकदा हॉटेलवाला म्हणाला, "तुमच्या एका पायापायी आमचे तीन अडकलेत हो." तो हसत नव्हता. आणि हसण्यासारखी गोष्ट अशी की मास्तरांनी त्याची माफी मागितली! ज्या शिरेवर त्यांचा ना हात होता ना इलाज, तिच्याबद्दल ते ओशाळे होऊन फिरू लागले. शहाण्यासुरत्या माणसांनी एक थट्टा इतकी घोटली की चौघांनाही ती खरी वाटू लागली, आणि सगळ्यात जास्त मास्तरांना.

हॉटेलच्या मागल्या खोलीत बैठक बसली. "किडलेला दात ठेवून उपयोग नसतो," दातांचा डॉक्टर म्हणाला. गिऱ्हाईक तयार होतं. विकायची असेल त्याने हात वर करावा. डॉक्टरचा हात वर गेला, हॉटेलवाल्याचा गेला, मेव्हण्याचाही गेला. तिघं झाले होते, चौथ्याची गरजच नव्हती. मास्तर एकटे नाही म्हणाले असते तरी घोडी जाणारच होती. पण तिघं त्यांच्याकडे बघत होते. मास्तरांनीही हात वर केला.

पुढच्या हंगामात नव्या मालकाचं कापड मास्तरांकडेच आलं. जांभळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. त्यांनी ते शिवलं, आणि वाईट शिवलं नाही.

शर्यतीच्या दिवशी ते कठड्याशी उभे राहिले. बाईसाहेब चारही पायांवर नीट धावली आणि पाचवी आली. वर बाकांवर बसलेल्या तिघांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. "वाचलो!" हॉटेलवाला ओरडला. ती हरली याचा त्यांना एखादी शर्यत जिंकल्यासारखा आनंद झाला होता. मास्तरांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. त्या दिवशी शर्टाची पाठ फुगली की नाही, हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

घरी बायकोने ताट वाढलं. मास्तर जेवेनात.

"पडली का?" तिने विचारलं.

"नाही. चांगली धावली."

"मग झालं काय?"

"आपली असती."

"ते तिघं विकणारच होते. माझा भाऊही त्यातलाच, ठाऊक आहे मला." ती समोर बसली. "पण तुम्ही हात का वर केलात? पाय सुजला म्हणून?"

वर्षभर मास्तरांनी स्वतःला तेच सांगितलं होतं. आता तोंडात आलेलं ते उत्तर त्यांच्याच्याने बाहेर काढवेना.

"सगळ्यांनी केला म्हणून," ते म्हणाले.

बायकोने ताट उचललं. "मग यापुढे त्या घोडीचं नाव काढून माझ्यासमोर रडू नका," ती म्हणाली आणि आत गेली.