खेळासाठी केलेली जागा

गेल्या महिन्यात तो जुना खेळ पुन्हा लॅपटॉपवर टाकला. एकटा हेर, शत्रूचा लष्करी तळ, दुर्बीण, आवाज न करणारं पिस्तूल. मोहिमेच्या मधे कुठे सेव्ह करता येत नाही. मेलात की पहिल्यापासून. पंचेचाळिशीत बोटं तशी चालत नाहीत. पहाऱ्यावरच्या शिपायानं पाहिलं, सायरन वाजला, की मी लॅपटॉप मिटायचो. तीन दिवस हेच चाललं. थकवा खेळाचा नव्हता.

पूर्वी हा खेळ आम्ही दोघं मिळून खेळायचो. साखरखेर्ड्यात माझ्या काकांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. माझा वर्गमित्र, एका मुसलमान शिंप्याचा मुलगा, तिथे ऑपरेटर होता. काका दुपारी घरी जेवायला गेले की माउस त्याच्याकडे, कीबोर्ड माझ्याकडे. हेराला चालवायचं मी, नेम धरायचा त्यानं. "थांब बे, त्याले वळू दे," म्हणत तो शिपायाची पावलं मोजायचा.

त्या कॉम्प्युटरवर खेळ टाकला होता मीच. डिस्कवर जागा नाही, असं आलं. तो नमाजला गेला होता. एक फोल्डर जुना समजून मी उडवला, रिसायकल बिनही रिकामा केला. तो परतला आणि आम्ही मजेत खेळलो.

त्या फोल्डरमध्ये ऐन लग्नसराईतल्या पत्रिका होत्या, तपासून छपाईला तयार असलेल्या.

दुसऱ्या दिवशी काका त्याच्यावर कडाडले, "ज्याले हात सांभाळता येत नाही, त्यानं कीबोर्डले हात लावू नये. उद्यापासून येऊ नको." आदल्या दिवशी फायली त्यानंच इकडच्या तिकडे केल्या होत्या. त्यामुळे चूक आपलीच, असं त्यालाही वाटलं. मी शेजारी कागद कापत उभा होतो. कापत राहिलो.

आता तो दुसरबीडला मोटारसायकलींचे सीटकव्हर शिवतो. चौथ्या दिवशीही लॅपटॉप मिटला आणि मी त्याच्याकडे गेलो. त्याचा मोबाइल सारखा मेमरी भरली म्हणून सांगत होता.

"खाली कर ना," मी म्हणालो.

"पोरगी आली की करते. मी नाही हात लावत. आपला हात वंगाळ आहे."

मग मी सांगितलं. सगळं.

मशीन थांबली. "म्हंजे ते मी नव्हतं केलं?"

"नाही."

"पंचवीस वर्षं, बे! पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसलो नाही मी."

"चुकलं माझं."

"काकाले सांगतलं?"

"नाही."

"मंग माह्याच कानात काऊन सांगून राह्यला? चाल." त्यानं शटर ओढलं.

माझ्या गाडीवर आम्ही साखरखेर्ड्याला काकांच्या घरी गेलो.

काकांना हल्ली कमी ऐकू येतं. जन्मभर मी हळू बोलत आलो. तिथं मोठ्यानं सांगावं लागलं, दोनदा. समोरच्या ओट्यावर भाजी निवडणाऱ्या बायका थांबून ऐकत होत्या. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याला म्हणाले, "मंग तू इतके दिवस आला काऊन नाही?"

"तुमीच तं येऊ नको म्हणले होते."

काका खाटेवर सरकले आणि त्यांनी त्याला शेजारी बसवलं. सुनेला चहा सांगितला. मला बस कोणी म्हटलं नाही. मी दाराशी उभा राहिलो.