लेकीचा नीलम

लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात लेकीने पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, अंगठीत मले नीलम पायजे."

मी पालक निवडत होते. जुडी तशीच खाली ठेवली. "नीलम कायले व? मोती घे, पुष्कळ शोभते तुले."

"निळा आपला रंग हाय ना! घराले निळा चालते, झेंड्यात निळा चालते, मंग अंगठीतच काहून नाही?"

तिचं चूक नव्हतं. आमच्याकडे पत्रिका नाही, मुहूर्त नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं. नीलम शनीचा खडा म्हणतात; पण शनी हा भोवती कडी असलेला ग्रह आहे, तो कोणाच्या मागे लागत नाही, असं मी स्वतः वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. तरी त्या फोननंतर मला एका जागी बसवेना. घडी केलेल्या साड्या पुन्हा उलगडून पुन्हा घडी केल्या.

कारण माझं बालपण इंझोरीचं. आमच्या शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून नीलम घातला होता. महिना नाही झाला तर बैल दगावला, मग थोरल्या पोराचा पाय मोडला. त्याच्या बायकोने त्याच्या बोटातली अंगठी ओढून काढली आणि भर दुपारी विहिरीत टाकली. आम्ही पोरी काठावर उभ्या होतो. "नीलम माणूस पाहून चावते," असं कोणीतरी म्हटलं. आईने घरी आल्यावर समजावलं, की बैलाला साप चावला, नीलम नाही. मला पटलंही. पण ती विहीर काही डोक्यातून गेली नाही.

लेक सुट्टी काढून आमच्याकडे शेलूबाजारला आली आणि आम्ही दोघी अकोल्याला गेलो. सराफाने बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पत्रिका आणली का ताई?"

"पत्रिका नाही. रंग पाहाचा हाय," लेक म्हणाली.

मग त्याने कागदाच्या पुड्या उघडल्या. पांढऱ्या कागदावर निळे खडे. एक शाईसारखा गडद, एक अगदी पाण्यासारखा फिका, आणि एक मधला, ज्याच्यावर आम्हा दोघींची नजर एकदमच गेली.

"एवढासा खडा आन् भावात एवढा फरक काहून?" मी विचारलं.

"रंगाचा भाव असते ताई. फार काळा पडला की उतरते, फार फिका असला तरी उतरते. जो निळाही दिसते आन् आतून उजेडही देते, तो महाग. मंग आत डाग किती, धागे किती. कुठून आला ते. काश्मीरचा तर आता पाहालेही भेटत नाही, चांगला माल श्रीलंकेचा. आन् खड्याचं वजन दुप्पट झालं की भाव दुपटीवर थांबत नाही."

लेकीने तो मधला खडा उचलला आणि सरळ दुकानाबाहेर निघाली. मी घाबरून तिच्या मागे. रस्त्यावर ऑटोंचा गोंगाट, आणि ही खडा उन्हात धरून उभी. "दुकानाच्या लाइटात सारेच चांगले दिसतात, आई. उन्हात पाह्य." उन्हात तो थोडा फिकटला, पण निळाच राहिला.

"तापवलेला हाय का?" तिने आत येऊन विचारलं. रंग खुलवायला बहुतेक नीलम भट्टीत तापवतात, हे तिने बसमध्येच मला सांगितलं होतं. तो खोटा ठरत नाही, पण न तापवलेल्याचा भाव फार वर असतो.

"बिलकुल नाही. जसा जमिनीतून निघाला तसा," सराफ म्हणाला. मग आवाज खाली आणून मला सांगू लागला, "पैसे भरून दोन-तीन दिवस घरी न्या ताई. उशाखाली ठेवा. वाईट स्वप्न पडलं, काही कमीजास्त झालं, तर वापस आणा. नीलमाचा हा रिवाजच हाय."

मी नको म्हणणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "चालते. नेतो आमी."

बाहेर पडल्यावर मी चिडले. "तू कवापासून उशाखाली ठेवाले लागली?"

"उशाखाली नाही, आई. नागपूरले तपासाले नेतो. दुकानदाराचा कागद वेगळा आन् तपासणीवाल्याचा कागद वेगळा."

पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून खडा आमच्या कपाटात राहिला. सकाळपासून मी तीनदा-चारदा कपाट उघडलं. दूध उतू गेलं. दुपारी आमचे हे मंगरुळपीरहून येताना मोटारसायकलवरून घसरले. कोपर सोलून निघालं, पँट फाटली. त्यांना घरात बसवून मी जखम धुतली, आणि मग सरळ आत जाऊन ती पुडी उचलली, अंगणातल्या कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन ठेवली. वर एक वीट ठेवली.

लेकीने पाहिलंच. "आई, काहून बाहेर ठेवला?"

मग मी तिला विहिरीचं सगळं सांगितलं. ती हसली नाही. वीट बाजूला करून पुडी हातात धरून ऐकत राहिली.

आतून हेच ओरडले, "अवं, ट्रॅक्टरनं रोडवर चिखल सांडला व्हता, त्याच्यावरून घसरलो मी! कपाटातला गोटा रोडवर काय करन?"

"मले समजते ते," मी म्हटलं. "समजते, तरी जीव उडते."

"मंग नाही घेत मी," लेक म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "नाही. आधी तपास तर कर."

ती नागपूरला जाऊन आली. खडा खरा होता, श्रीलंकेचाच. पण तापवलेला. सराफासमोर तिने कागद ठेवला तेव्हा तो म्हणाला की आपल्याला वरच्या व्यापाऱ्याने तसंच सांगितलं, आणि लगेच भाव खाली आणला. लेक भांडली नाही. तो खडा तिने घेतलाच नाही, पैसे परत घेतले. दुसऱ्या एका दुकानात एक लहानसा, जरा फिका नीलम मिळाला. त्याच्या तपासणीच्या कागदावर 'तापवलेला' असं आधीच स्पष्ट होतं, आणि भावही तसाच लावलेला.

"खालून उघडा ठेवू का? बोटाले लागला तरच गुण देते," अंगठी घडवताना तिथल्या कारागिराने विचारलं.

"उजेड येण्यासाठी उघडा ठेवा," लेक म्हणाली.

लग्न विहारात झालं. जेवणाच्या पंगतीत आमच्या शेजारीण काकूंनी तिचा हात धरून पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "कोणाले विचारून घातला व? साडेसाती हाय का पोरीले?"

"तिले रंग आवडला," मी म्हटलं.

काकूंनी पुन्हा लेकीच्या हाताकडे पाहिलं. "रंग चांगला हाय मात्र," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक-जावई गाडीने पुण्याला निघाले. पोहोचायला रात्र होणार हे मला ठाऊक होतं. तरी मी दुपारपासून फोन हातात घेऊन अंगणातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून अंगणात फिरत होते.

"बस ना एका जागी," हे म्हणाले.

"बसतो," मी म्हटलं, आणि तिला फोन लावला.