पाटावरचं एन्झाइम

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावात मॉलिक्युलर बायोलॉजी शिकणं म्हणजे पाण्याशिवाय पोहायला शिकणं होतं. डीएनए कसा कापतात हे आम्ही एम.एस्सी.ला फळ्यावर शिकलो. कापायला मात्र हाताशी काही नव्हतं. शेवटी आमच्या विभागप्रमुख सरांनी पाठपुरावा करकरून बंगळूरहून एक एन्झाइम मागवलं. डीएनए नेमक्या जागी कापणारा तो थेंबभर द्रव, बोटाच्या पेराएवढ्या नळीत. बर्फात घालून आलं आणि विभागातल्या एकुलत्या एका फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात जाऊन बसलं. ते गोठवणाऱ्या थंडीतच टिकतं, बाहेर राहिलं की कामातून जातं. हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. परीक्षेत विचारलंही होतं!

ते एन्झाइम माझ्या प्रकल्पासाठी होतं. दिवाळीनंतर पुण्याच्या एका संशोधन संस्थेत माझी मुलाखत होती आणि तिथे स्वतः केलेलं काम दाखवावं लागणार होतं. आमचं घर धुळ्याजवळ सोनगीरला. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, सरळ सांगून टाकलं होतं की पुण्यात नंबर लागला तर जा, नाही तर धुळ्याला बी.एड. मला बी.एड. करायचं नव्हतं. मला डीएनए कापायचा होता.

खंडेनवमीला विभागात उपकरणांची पूजा व्हायची. शेतकरी औतं पुजतो तशी सर आमची हत्यारं पुजायचे, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. त्या दिवशी मी घरून एसटीने दुपारी पोचले. प्रयोगशाळेत सगळं धुऊनपुसून मांडलेलं. सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ, तराजूला गंध. फ्रिज बंद करून, आतून पुसून, दार सताड उघडं ठेवलेलं. आणि पाटावर अगदी मधोमध, नारळाशेजारी, माझं एन्झाइम! हळदीकुंकू वाहिलेलं.

"सर, हे कधीपासून बाहेर आहे?"

"सकाळपासून. अगं, विभागातली सगळ्यात मोलाची वस्तू. तिलाच पूजेतून वगळायचं का?"

"पण सर, थंडी..."

"एका दिवसानं काय होतंय? प्रसाद घे."

ऑक्टोबरातलं जळगावचं ऊन, आणि म्हणे काय होतंय! कपाळावर हात मारावा की पाया पडावं, मला कळेना. पाया पडले, कारण सगळेच पडत होते.

दुसरं मागवायला वेळ नव्हता. दसरा झाल्यावर त्याच एन्झाइमने प्रयोग केला. डीएनए कापला गेला असता तर तुकड्यांचे वेगवेगळे पट्टे दिसले असते. मला दिसला एकच पट्टा, अख्खाच्या अख्खा. पुन्हा केला, पुन्हा तोच. सर म्हणाले, "तुझा हात अजून बसलेला नाही." वर्गातल्यांनीही मान डोलावली. घरी सांगितलं तर आबा म्हणाले, "पूजामा ठेयेल व्हतं ना ते? मंग काबर नही व्हयनं? तूच काहीतरी चुकनी व्हशी." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुण्याला मुलाखतीत समोरच्या बाईंनी त्या पट्ट्याचा फोटो पाहिला आणि विचारलं, "एन्झाइम बाहेर राहिलं होतं का?" किती बरं वाटलं! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. खरं अगदी ओठांवर आलं. पण पाट, नारळ, हळदीकुंकू हे सगळं सांगितलं असतं तर ती माणसं पोट धरधरून हसली असती, सरांना आणि आमच्या अख्ख्या जळगावला. ते मला सोसवलं नसतं.

"हो," मी म्हणाले. "माझ्याकडूनच राहिलं."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझा नंबर लागला नाही.

परत आल्यावर सरांनी चहा मागवला आणि काय काय विचारलं ते विचारलं. मी प्रश्न सांगितला, माझं उत्तरही सांगितलं. वाटलं, आता तरी यांच्या लक्षात येईल. सरांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग अगदी मायेने म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण एक लक्षात ठेव, या क्षेत्रात असा निष्काळजीपणा चालत नाही."

पुढच्या जूनपासून मी धुळ्याला बी.एड. करू लागले.